मनगटावरचा आलेख

व्याख्यानाला बसलेला मनुष्य तास-दीड तास फारसा हलत नाही. हात मांडीवर असतात, श्वास सावकाश चालतो, नाडीही संथ होते. अशा वेळी त्याच्या मनगटावर हल्लीचे स्मार्टवॉच असले, तर काही घड्याळे संध्याकाळच्या त्या तासाची नोंद 'हलकी झोप' अशी करून मोकळी होतात. वक्त्याने ह्यात अपमान मानून घेण्याचे कारण नाही. श्रोता झोपला होता की मन लावून ऐकत होता, हे कळण्याचा घड्याळापाशी मार्गच नसतो. त्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात. हात हलला नाही, आणि नाडी मंद चालली. पुढचे सारे त्याने ताडलेले असते.

मोजणे वेगळे आणि ताडणे वेगळे. घड्याळाशी जोडलेल्या मोबाईलच्या पडद्यावर मात्र दोन्ही एकाच ठशात, एकाच थाटात आपल्यापुढे येतात. '७२ ठोके' आणि 'गाढ झोप ४१ मिनिटे' ही दोन वाक्ये दिसायला सारखी; पण पहिल्यामागे माप आहे आणि दुसऱ्यामागे अंदाज आहे. हा भेद ध्यानात न आल्यामुळे चांगली धडधाकट माणसे काळजीत पडलेली मी पाहिली आहेत, आणि ज्यांनी काळजी करायला हवी होती अशी माणसे निर्धास्त राहिलेलीही पाहिली आहेत. म्हणून आज ह्या आलेखाची अक्षरओळख करून घेण्याचा विचार आहे.

वस्तुतः आलेख वाचणे आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नवे नाही. पावसाळ्यात सांगलीतले शाळकरी पोरसुद्धा आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झाले हे सांगते. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्न फुटांवर गेले होते, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. साताऱ्याकडची गोष्ट ह्याहून जुनी आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. सारा मुलूख झोपेत होता. पण धरणाच्या आत बसवलेले एक उपकरण जागे होते. धक्क्याने धरणाचा वेग क्षणाक्षणाला किती बदलतो, म्हणजे त्याला किती त्वरण मिळते, ह्याची रेघ त्याने उमटवली. ती रेघ पुढे जगभरच्या अभियंत्यांनी धरणांच्या अभ्यासासाठी वापरली, आजही वापरतात.

कोयनेच्या त्या उपकरणाचेच तत्त्व आपल्या मनगटावरच्या घड्याळात आहे. फरक आकाराचा. घड्याळातील त्वरणमापक तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपेत मावतो. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा नाजूक कमानींवर तोललेला असतो. हात हलला की तो मागे राहू पाहतो, जसे एसटीने एकदम वेग घेतला म्हणजे उभा प्रवासी मागे झुकतो. तो किती सरकला हे विजेच्या साहाय्याने कळते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांना, सेकंदाला कितीतरी वेळा, ही नोंद चालू असते. हात निश्चल असला तरी पृथ्वीचे ओढणे त्याला कळतेच. त्यामुळे मनगट पालथे आहे की उताणे, हेही तो जाणतो.

येथपर्यंत माप झाले. आता अंदाज सुरू होतो. चालताना हात ठराविक ठेक्यात झुलतो. त्या रेघेवर एकामागून एक सारखे उंचवटे उठतात, आणि घड्याळातील प्रोग्रॅम ते उंचवटे मोजून त्यांना 'पावले' म्हणतो. पाय त्याने पाहिलेलेच नाहीत! त्यामुळे स्वयंपाकघरात ठेक्यात भाकऱ्या थापणाऱ्या बाईला जागेवर उभ्या उभ्या काही पावले मिळून जातात. उलट डोक्यावर हंडा धरून किंवा भाजीची गाडी ढकलत मैलभर चालणाऱ्या बाईची पावले बुडतात, कारण तिचा हात झुलत नाही. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या दोन वारकऱ्यांच्या हातांत ही घड्याळे बांधली, तर टाळकऱ्याचा हिशेब एक येईल आणि खांद्यावर पताका धरणाऱ्याचा दुसरा येईल. वाट मात्र दोघांनी सारखीच तुडवली असेल.

दहा हजार पावलांचा आकडा आता पंचांगातल्या मुहूर्तासारखा पाळला जातो, म्हणून त्याची जन्मकथा सांगितली पाहिजे. टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस काढले आणि त्याचे नाव ठेवले 'मान्पो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक'. आकडा गोल होता, सांगायला सोपा होता, तो रूढ झाला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. पावले वाढली तसे ते आणखी उतरले. पण साडेसात हजारांच्या आसपास ही उतरंड थांबली. म्हणजे सत्तरीच्या आजींनी नऊ हजार पाचशेवर गाडी अडली म्हणून रात्री अंगणात पाचशे फेऱ्या मारण्याची गरज नाही. आणि ज्या आजोबांची दोन हजारच होतात, त्यांनी दहा हजारांच्या धाकाने हातपाय गाळून बसू नये. त्यांच्या दृष्टीने पुढची दोन हजार पावलेच सर्वांत मोलाची आहेत.

पावलांनंतर नाडी. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना आपण पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश बराच शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढते, तेवढा परत येणारा प्रकाश कमी होतो; ठोका ओसरला की तो पुन्हा वाढतो. ह्या लाटा मोजल्या की नाडी मिळाली. माणूस स्वस्थ बसला असेल आणि पट्टा नीट बसलेला असेल, तर हे माप चांगले येते. पट्टा सैल असला, थंडीने हात गारठले असले, किंवा हात जोराने हलत असला तर बिघडते. धावताना एक गंमत होते. पावलांचा ठेका मिनिटाला एकशे साठ-सत्तर असतो, आणि घड्याळ कधी कधी त्या ठेक्यालाच नाडी समजून बसते. सपाट रस्त्यावर हळूहळू धावताना नाडी एकाएकी १६८ वर जाऊन तेथेच चिकटून राहिली, तर घाबरण्यापूर्वी थांबावे आणि बोटांनी स्वतःची नाडी मोजावी.

आता ही दोन मापे एकत्र कशी वाचायची, ते दोन दिवसांच्या आलेखांवरून पाहू. एका सकाळी मी राजवाड्यापासून निघून अजिंक्यताऱ्यावर गेलो, आणि पुढच्या आठवड्यात सांगलीत गणपतीच्या देवळापासून विश्रामबागेपर्यंत चालत जाऊन परत आलो. दोन्ही दिवशी पावलांचे खांब जवळजवळ सारख्या उंचीचे होते. नाडीची रेघ मात्र अगदी निराळी. सांगलीच्या सपाटीवर ती शंभराच्या आसपास एका पातळीत चालली होती, कृष्णेच्या उन्हाळ्यातल्या पाण्यासारखी. किल्ला शहरापासून सुमारे तीनशे मीटर उंच. तेथे ती पायऱ्यापायऱ्यांनी चढत १३५ वर गेली आणि उतरताना सावकाश खाली आली. केवळ पावले पाहणाऱ्याला हे दोन दिवस सारखे वाटतील. हृदयाला ते सारखे नव्हते.

१३५ म्हणजे जास्त की बेताचे? ह्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचा एक ठोकताळा आहे. साठ वर्षांच्या माणसाला तो १६० ठोक्यांची कमाल मर्यादा देतो, आणि बेताचा व्यायाम त्या मर्यादेच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे साधारण १०२ ते १२२ ठोके धरतात. पण हा ठोकताळा सरासरीचा आहे. एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय रक्तदाबाची काही औषधे नाडी वाढूच देत नाहीत. ती घेणारा मनुष्य यवतेश्वरचा घाट चढून गेला तरी घड्याळ त्याला 'हलका व्यायाम' म्हणून हिणवील. अशांनी रंगीत पट्ट्यांकडे पाहू नये. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला म्हणजे व्यायाम बेताचा झाला, ही जुनी खूण पुरेशी आहे. असा व्यायाम आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. त्यात पावलांची संख्या सांगितलेली नाही, मिनिटे सांगितली आहेत.

यवतेश्वरचा उल्लेख आला म्हणून सांगतो. त्या घाटावर २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. एकवीस किलोमीटरच्या ह्या शर्यतीत अर्धी वाट चढाची आणि अर्धी उताराची. तिच्या तयारीला लागलेल्या तरुण मंडळींना माझी एकच विनंती असते: किलोमीटरमागे किती मिनिटे लागली हा आकडा चढावर झाकून ठेवा. घाटात तो वाईटच दिसणार; तो सुधारण्याच्या ईर्ष्येने पहिल्याच वळणावर दम घालवणारे पुष्कळ असतात. खर्च झालेल्या कॅलरींच्या आकड्याविषयी तर न बोललेलेच बरे. सगळ्या आलेखात तो सर्वांत कच्चा. त्याच्या भरवशावर परत येताना दोन वडापाव जास्त खाऊ नयेत, इतकेच.

आता झोप.

झोपेची खरी तपासणी निराळ्या रीतीने होते. मेंदूतून विजेचे सूक्ष्म तरंग निघतात, हे हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टरने १९२९ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५३ मध्ये शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनी दाखवले की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांआड बुबुळे भराभर हलतात, आणि त्या वेळी जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. तेव्हापासून झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावतात, आणि रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कोणत्या अवस्थेचा ते ठरवतात. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप, जाग. त्यांचा आलेख जिन्यासारखा दिसतो. साधारण दीड तासाचा एक फेरा, असे रात्रीत चार-पाच. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. वयाबरोबर गाढ झोप कमी होते आणि मधूनमधून जाग येणे वाढते. हा रोग नव्हे. केस पिकण्यासारखीच ती गोष्ट आहे.

घड्याळ हाच जिना काढून दाखवते. पण त्याच्यापाशी मेंदूच्या तारा नाहीत. हात किती वेळ निश्चल होता, नाडी किती उतरली आणि दोन ठोक्यांमधले अंतर किती बदलत होते, एवढ्यावरून ते अवस्था ताडते. प्रयोगशाळेशी ताडून पाहता माणूस झोपलेला आहे हे घड्याळ बहुतेक वेळा बरोबर ओळखते. पण निपचित पडून जागा असलेला माणूस त्याला ओळखता येत नाही. त्यालाही ते झोपलाच समजते. अवस्थांची वाटणी करताना दहा तुकड्यांत तीन-चार चुकले तर ह्या विषयातले जाणकार नवल मानत नाहीत. एकाच रात्री एकाच माणसाच्या दोन हातांत दोन कंपन्यांची घड्याळे बांधली, तर गाढ झोपेचे दोन निरनिराळे आकडे मिळू शकतात.

हे सारे मला पुस्तकातून माहीत होते. पण त्याचा खरा अर्थ साताऱ्यातील एका सेवानिवृत्त गुरुजींमुळे समजला. वय अडुसष्ट. रात्री अकराला झोपून पहाटे पाचला उठण्याचा जन्माचा परिपाठ. कधी तक्रार नाही. मुलाने घड्याळ दिले. पहिल्याच सकाळी आलेखाने सांगितले: एकूण झोप साडेपाच तास, गाढ झोप २६ मिनिटे, गुण शंभरांपैकी ५८. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिलेल्या माणसाला हे लागले. त्यांनी साडेआठलाच अंथरूण धरायला सुरुवात केली. झोप येईना. हललो तर घड्याळ जाग मांडील, ह्या धास्तीने ते छातीवर हात घेऊन काष्ठवत पडून राहू लागले. आणि काय झाले? आलेख सुधारला! साडेसात तास, आठ तास, गुण ८१. गुरुजी मात्र दिवसा पेंगू लागले, चिडचिडे झाले, फिरायला येईनासे झाले. घड्याळ शाबासकी देत होते आणि माणूस खंगत होता.

महिन्याभराने मी घरी गेलो तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे करून मला आलेख दाखवला. काकू चहा घेऊन आल्या त्या म्हणाल्या, "भाऊजी, घड्याळ काही का म्हणेना. हे झोपत नाहीत. डोळे मिटून पडतात नुसते. मला विचारा ना, मी बाजूला असते."

आलेखात न मावणारी साक्ष ती हीच होती. अमेरिकेतील काही डॉक्टरांनी २०१७ साली असेच रुग्ण वर्णिले आणि परिपूर्ण झोपेच्या ह्या ध्यासाला 'ऑर्थोसोम्निया' असे नाव दिले. त्यापूर्वी २०१४ मध्ये अमेरिकेतच विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. त्यांना त्यांच्या झोपेविषयी खोटेच आकडे सांगितले. ज्यांना झोप वाईट झाल्याचे सांगितले, त्यांनी बुद्धीच्या काही कसोट्यांत कमी गुण मिळवले. एका लहान प्रयोगावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही सकाळी डोळे उघडताच पडद्याकडे पाहण्यापूर्वी आपल्याला कसे वाटते हे स्वतःला विचारून घ्यावे, इतका बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. गुरुजींचे घड्याळ तीन आठवडे कपाटात ठेवायला लावले आणि अकराच्या आत अंथरुणावर जायचे नाही असे ठरवले. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते पुन्हा किल्ल्याच्या वाटेवर दिसले.

मग ह्या आलेखाचा उपयोग काहीच नाही काय? आहे, आणि चांगला आहे. फक्त तो आयर्विन पुलावरच्या पाण्यासारखा वाचला पाहिजे. 'पाणी अठ्ठावीस फूट' एवढे ऐकून सांगलीकर कधी थांबत नाही. तो विचारतो, काल किती होते? चढते आहे की उतरते? कोयनेतून किती सोडले आहे? आपल्या आलेखालाही हेच तीन प्रश्न घालावेत. एका रात्रीचा आकडा सोडून द्यावा. पंधरा दिवसांची रेघ पाहावी, आणि वर काय सोडले होते ते आठवावे. रात्री उशिरा झालेले लग्नाचे जेवण, मद्य, ताप, एप्रिल-मेमधला सांगलीचा उकाडा, ह्यांपैकी काहीही असले तरी झोपेतली नाडी उतरावी तितकी उतरत नाही, आणि ते रेघेवर स्पष्ट दिसते. झोपण्या-उठण्याच्या वेळाही घड्याळ बऱ्यापैकी नोंदते. गळिताच्या हंगामात साखर कारखान्यात पाळी बदलून काम करणाऱ्या माणसाच्या पंधरवड्याचा आलेख पाहावा. झोपेचे पट्टे कधी रात्री, कधी सकाळी, कधी दुपारी तुटकतुटक पडलेले असतात. त्याची गाढ झोप २६ मिनिटे की ४६, ह्या वादापेक्षा ते विखुरलेले पट्टेच डॉक्टरांना अधिक सांगून जातील. येथे आलेख खरोखर बोलतो, कारण येथे तो मोजलेलेच सांगत असतो.

डॉक्टरांकडे जाण्याजोग्या खुणा मोजक्या आहेत. विश्रांतीतील नाडी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी चढली आणि कारण दिसत नसताना आठवडाभर तशीच राहिली, तर दाखवावे. ठोके अनियमित असल्याची सूचना घड्याळाने पुनःपुन्हा दिली, तर हृदयाचा ईसीजी काढून घ्यावा. सूचना खोटी निघाली तर आनंदच आहे. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडल्यासारखा होऊन धडपडून जाग येणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे ही लक्षणे एकत्र असतील, तर आलेख कितीही सुरेख असला तरी तपासणी करून घ्यावी; ही खूण घड्याळापेक्षा शेजारी झोपणाऱ्या माणसाला आधी कळते. रक्तातील प्राणवायूच्या आकड्यावर फार विसंबू नये. अमेरिकेतील इस्पितळांत बोटाला लावायची यंत्रेसुद्धा काळ्या वर्णाच्या रुग्णांत हा आकडा कधी कधी वाजवीपेक्षा जास्त दाखवतात, असे २०२० साली आढळले. आपल्याकडे सावळ्या-काळ्या कातडीची माणसे किती, हे सांगायला नको.

आणि छातीत दडपण आले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर घड्याळाकडे पाहूच नये. सांगलीतील माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अशा वेळी पाऊण तास खुर्चीत बसून राहिले, कारण नाडी ७६ दाखवत होती आणि पट्टी हिरवी होती. हृदयाची रक्तवाहिनी तुंबत असताना नाडी ७६ असू शकते. शेवटी त्यांना इस्पितळात नेले ते सुनेने, आणि नेले म्हणून ते आज आहेत.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईल पुढे करण्यापेक्षा एका कागदावर पंधरा दिवसांची टाचणे नेलेली बरी: अंथरुणावर गेल्याची वेळ, उठल्याची वेळ, दुपारची वामकुक्षी, चहा शेवटचा केव्हा घेतला, औषधे कोणती, आणि शेजारी 'सकाळी कसे वाटले' ह्याचा एक शब्द. त्या कागदाशेजारी घड्याळाची रेघ ठेवली म्हणजे दोन्ही एकमेकांच्या चुका दाखवतात. घड्याळ चार्जिंगला मात्र आंघोळीच्या वेळी लावावे. रात्री लावले तर नेमकी हवी ती रात्र कोरी राहते, आणि त्या कोऱ्या जागेला काही घड्याळे 'झोप नाही' असे म्हणतात.